बंडाना, पंचा की नुसतं फडकं? तुम्ही जवळ काय बाळगता?

पेठेतला_फिरस्ता (धागाकर्ता)

परवा राजगडावर गेलो होतो. गुंजवण्यातून चोरदरवाजाने वर. मार्चचं ऊन, साडेनऊलाच कातळाला हात लावला की चटका. गळ्यात माझा साडेतीनशे रुपयांचा बंडाना, काळ्यावर पांढऱ्या कोयऱ्या, पाकिटावर लिहिलेलं 'क्विक ड्राय'. वाळतो पटकन हे खरं आहे, कारण मुळात तो भिजतच नाही. पॉलिएस्टर. घाम पुसायला गेलो की घाम कपाळावरून गालावर सरकतो, बास.

आमच्या पुढे गावातले एक मामा ताकाचा कॅन घेऊन चढत होते. खांद्यावर पांढरा पंचा, लाल काठाचा, मधे एक ठिगळ. मी नुसता बघत होतो. चढताना पंच्याची चुंबळ करून डोक्यावर कॅन. दम खायला थांबले की तीच चुंबळ सोडून तोंड-मान पुसायची. पद्मावती माचीवर पोचल्यावर पंचा झटकून झुडपावर वाळत टाकला, दहा मिनिटांत वाळला. मग तो चार पदरी करून चहाचं पातेलं उतरवायला. बारा वाजता तोच डोक्यावर घेऊन देवळाच्या सावलीत आडवे. आणि उतरताना त्यातच उरलेले ग्लास बांधलेले, काठीला गाठोडं. तोवर माझ्या कोयऱ्यांनी मला एका सेल्फीत साथ दिली होती.

तर प्रश्न असा. रोजच्या वापरात आणि भटकंतीत तुम्ही कुठलं कापड बाळगता? केवढं? आणि ऑफिसच्या बॅगेत पंचा ठेवला तर लोक काय म्हणतात?

खडूस_काका

फडक्यावर धागा! पुढचा आता नाडीवर काढा. (दिवा घ्या, म्हणजे गंमत समजा.)

बाकी ऑफिसचं म्हणाल तर मी चोवीस वर्षं बँकेत पंचा घेऊन गेलो. लोक पहिल्या वर्षी हसतात. दुसऱ्या वर्षी एसीचं पाणी टेबलावर टपकायला लागलं की तेच लोक 'साहेब, तुमचा तो टॉवेल द्या हो' म्हणत येतात.

कोयरीकाठ

धागाकर्त्याच्या बंडानाची थोडी बाजू घेते. शब्द आपल्याकडचाच आहे. 'बांधनू', म्हणजे कापडाला चिमटीत धरून दोऱ्याने गाठी मारायच्या आणि मग रंगात बुडवायचं, आपली बांधणी. गाठीखालची जागा पांढरी राहते, ठिपके उमटतात. बंगालमधले असे रेशमी रुमाल अठराव्या शतकात ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजांतून इंग्लंडला जायचे. तिकडे तपकीर ओढायची फॅशन होती. पांढऱ्या रुमालावर तपकिरीचे डाग लपत नाहीत, गडद लाल-निळ्यावर लपतात, म्हणून हे रुमाल तुफान चालले. पुढे त्यांनी सुतावर छापून तेच बनवायला घेतलं.

आणि त्या कोयऱ्यांना इंग्रजीत 'पेझली' म्हणतात ते स्कॉटलंडमधल्या पेझली गावावरून. तिथे एकोणिसाव्या शतकात काश्मिरी शालींच्या नकला विणायचे. म्हणजे कोयरी आपली, शब्द आपला, आणि साडेतीनशे रुपये पण आपलेच. :)

माझे आजोबा तपकीर ओढायचे. त्यांचा रुमाल चॉकलेटी होता, आणि तो कधीच मळका दिसायचा नाही. आजी तो चिमट्याने उचलून वेगळ्या बादलीत टाकायची.

संत्रानगरीकर

भाऊ, पुण्याच्या मार्चला ऊन म्हणून राहिले तुम्ही? मे महिन्यात नवतप्यात, म्हणजे सगळ्यात तापणाऱ्या त्या नऊ दिवसांत, या आमच्याकडे. चंद्रपूर-नागपूरला पारा ४५ च्या वर जाते तवा दुपट्टा ही काही फॅशन नसते. माणूस, बाई, पोट्टा, पोट्टी, सगळ्यांच्या डोक्यावर दुपट्टा. दुपट्टा न घेता निघालं त माय दारातूनच वापस बोलावते.

बांधायची पद्धत सांगतो. मधला भाग कपाळावर, दोन्ही टोकं मागं नेऊन मानेवर एक पीळ, मग एक टोक नाकातोंडावरून फिरवून कानापाशी खोचायचं. मान झाकली गेलीच पाहिजे, अर्धं ऊन तिथंच लागते. आणि गाडीवर बसायच्या आधी तो पाण्यात बुडवून घट्ट पिळायचा. पहिली पंधरा मिनिटं कूलर. वर्धा रोडवर अर्ध्या रस्त्यात तो पापड होते, मग परत भिजवायचा.

पॉलिएस्टरचा दुपट्टा घेतला एकदा, बायकोच्या ओढणीसोबत सेलमधून. चेहऱ्यावर प्लास्टिकची पिशवी बांधल्यासारखं झालं. आता गाडी पुसायला आहे.

वाडीतला_वांगड

हे ओलं करून बांधायचं आमच्या कोकणात करू नका. मे महिन्यात हवाच इतकी दमट की पाणी उडतच नाही. पाणी उडून जाताना अंगातली उष्णता घेऊन जातं, म्हणून गार वाटतं. उडालंच नाही तर मानेला ओलं फडकं गुंडाळलंय एवढंच, वर पुरळ फुकट. मी दोन पातळ फडकी ठेवतो, एक गळ्यात, एक सॅकच्या बाहेर बांधून वाळत. पावसाळ्यात तीही वाळत नाहीत आणि तिसऱ्या दिवशी असा कुबट वास सुटतो की कुत्रं पण जवळ येत नाही. चुलीवर धरून वाळवा, पण मग धुराचा वास. निवडा.

वाळवंटातला_मराठी

+१ संत्रानगरीकर. मी ॲरिझोनात असतो, इथे साधा बावीस इंची सुती बंडाना दुकानात दोन डॉलरला मिळतो, घोडेवाल्यांपासून मेकॅनिकपर्यंत सगळ्यांच्या मागच्या खिशात. ग्रँड कॅन्यनला ब्राइट एंजल ट्रेलवर पाण्याचे नळ लागतात तिथे प्रत्येक जण टोपी आणि बंडाना भिजवून पुढे जातो. रेंजर लोक स्वतःच सांगतात, कपडे ओले ठेवा, आणि उन्हाळ्यात दहा ते चार चालू नका. हवा इतकी कोरडी की भिजवलेलं कापड मानेवर टाकलं की शहारा येतो. एक लक्षात आलं: तिथे दरी आधी उतरायची असते आणि चढ शेवटी, भर उन्हात. आपल्या गडांच्या बरोबर उलटं. म्हणून वर येताना भिजवायला पाणी राखून ठेवावं लागतं.

तालुक्याचा_डॉक्टर

मापाबद्दल कोणी बोललंच नाही म्हणून लिहितो.

बावीस इंची रुमालाची झोळी मोठ्या माणसाच्या हाताला होत नाही. तिरपी घडी घातली तरी टोकं मानेमागे पोचत नाहीत. प्रथमोपचारातली त्रिकोणी पट्टी साधारण एक मीटर चौकोनी कापड तिरपं कापून करतात. तेव्हा भटकंतीसाठी विकत घेणार असाल तर मीटरभर चौकोनी घ्या. कापडाच्या दुकानात मीटरवर मलमल किंवा मांजरपाट मिळतं, कडा दुमडून शिवून घ्या. मलमल लवकर वाळतं, मांजरपाट जास्त टिकतं. पंचा लांबट असल्याने त्रिकोण नीट होत नाही, पण हात आडवा त्यात ठेवून दोन्ही टोकं मानेमागे बांधली की दवाखान्यापर्यंत निभतं.

गाठ रीफ मारा. उजवं टोक डाव्यावरून, मग डावं उजव्यावरून. दोन्ही वेळा उजवंच डाव्यावर घेतलंत तर गाठ घसरते. गाठ मणक्यावर येऊ देऊ नका, खांद्याजवळच्या खळग्यात घ्या, नाहीतर पेशंट दुखऱ्या हातापेक्षा गाठीलाच शिव्या घालतो.

रक्त येत असेल तर स्वच्छ फडक्याची जाड घडी जखमेवर दाबून धरा. थांबलं का म्हणून दर मिनिटाला उचलून बघू नका. घडी भिजली तर ती तशीच ठेवून वर दुसरी दाबा.

आणि आता महत्त्वाचं. साप चावला की लोक पहिली गोष्ट करतात ती म्हणजे हाच पंचा वरच्या बाजूला करकचून बांधणं. नका बांधू. आवळलेला पाय काळानिळा होऊन आलेले पेशंट पाहिलेत, त्यात विषापेक्षा पंच्याने केलेलं नुकसान जास्त. पायाला काठी लावून सैलसर बांधा, खालून बोट सहज गेलं पाहिजे, पाय हलवू नका, माणसाला चालवू नका, १०८ ला फोन करा आणि जिथे सर्पदंशाची लस आहे अशा दवाखान्यात न्या. कापणं, चोखणं, काही नाही.

टेकडीवरची

डॉक्टर, वाचनखूण साठवली. रीफ गाठ आत्ता ओढणीवर तीन वेळा मारून बघितली, दोनदा चुकली.

आम्ही दुचाकीवाल्या बायका रोज मीटरभराच्यावर कापड तोंडाला बांधून फिरतो आणि या धाग्यावर अजून कोणी स्कार्फचा 'स' काढला नाही! पुण्यात पाहुणे आले की विचारतात, इथे सगळ्या डाकू का? ऊन, धूळ, बसगाड्यांचा धूर, आणि सिग्नलला शेजारी कोण उभं आहे ते न दिसण्याचं सुख, चारही कारणं खरी आहेत. पेट्रोल पंपावर आणि एटीएममध्ये सोडावा लागतो तेवढाच त्रास.

दोन सूचना. हेल्मेटखाली पातळ सुती फडकं घाला. हेल्मेटच्या आतला फोम रोज धुता येत नाही, फडकं येतं. फक्त गाठ डोक्याच्या मागे घेऊ नका, हेल्मेट नीट बसत नाही. दुसरं, टोकं खोचलेली हवीत. मैत्रिणीची ओढणी मागच्या चाकात गेली होती. गाडी हळू होती म्हणून गळ्याला फक्त वळ उठला. ओढणीचा गुंडाळा चाकातून काढायला कात्री लागली. साडीगार्ड होतं, तरी गेली.

कोराकागद

पाण्याबद्दल विचारतो. मी ओढ्याचं पाणी पंच्यातून गाळून सरळ पितो, आजवर काही झालं नाही. उगाच फिल्टरची बाटली कशाला?

तालुक्याचा_डॉक्टर

@कोराकागद, 'आजवर काही झालं नाही' हे वाक्य आमच्याकडे रोज कोणीतरी सलाइन लावलेल्या हाताने बोलतं.

पण गाळणं फुकट जात नाही, त्यामागे चांगला अभ्यास आहे. बांगलादेशातल्या मतलब भागात ६५ गावांत रिटा कॉलवेल या शास्त्रज्ञ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बायकांना जुन्या साडीची निदान चार वेळा घडी घालून पाणी गाळायला शिकवलं. २००३ मध्ये निष्कर्ष छापून आले: कॉलरा ४८ टक्क्यांनी कमी. कारण कॉलऱ्याचे जंतू पाण्यातल्या बारीक कवचधारी जीवांना चिकटून असतात आणि ते जीव घडीत अडकतात. गंमत म्हणजे नव्यापेक्षा जुनी साडी बरी ठरली. धुऊन धुऊन धागे पिंजारतात आणि विणीतली भोकं बारीक होतात.

आपल्याकडे नारू गेला त्यातही फडक्याचा हात आहे. नारूची अळी पाण्यातल्या अशाच किड्याच्या पोटातून माणसात जायची. पायऱ्यांच्या विहिरीतलं पाणी गाळून प्या, एवढंच घरोघरी सांगत फिरायचे. २००० साली भारत नारूमुक्त म्हणून जाहीर झाला.

पण कॉलरा ४८ टक्क्यांनीच कमी झाला हेही वाचा. सुटे जंतू आणि विषाणू फडक्यातून आरामात जातात. कावीळ घडीला विचारत नाही. आधी गाळा, मग उकळा किंवा क्लोरीनचे थेंब घाला. गाळलेल्या पाण्यात क्लोरीन कामही नीट करतं, गढूळ पाण्यात ते गाळातच संपून जातं.

कोराकागद

बरं. गाळून उकळतो.

खडूस_काका

म्हणजे मामांचं ते ठिगळवालं फडकं 'क्विक ड्राय'पेक्षा शास्त्रीय ठरलं तर.

माहेरची_वाट

मला एक गोष्ट सगळ्यात खटकते ती म्हणजे एकच फडकं. मामांचं कौतुक आहेच, पण घाम पुसायचा, नाक पुसायचं, त्यानेच पातेलं उतरवायचं आणि त्यातच भाकरी बांधायची? आमच्या आजीकडे भाकरीचं फडकं वेगळं होतं, पांढरं, त्याला दुसरं कोणी हात लावायचं नाही. तव्यावरची भाकरी त्यात गुंडाळली की वाफ धरून मऊ राहायची, आणि ते फडकं रोज रात्री धुऊन चुलीच्या वर दोरीवर. चुंबळीचं फडकं वेगळं, ते जुन्या लुगड्याचं. हंडा डोक्यावर घेताना ती उजव्या हाताच्या चार बोटांवर गरगर गुंडाळायची, टोक मधे खुपसायची, झाली चुंबळ. मला अजून जमत नाही, माझी सुटते.

मी सॅकमध्ये दोन ठेवते. चौकड्याचं मळक्या कामाला, पांढरं खाण्याला. अंधारातही चूक होत नाही कारण पांढऱ्याच्या एका कोपऱ्याला गाठ मारलेली असते.

पेठेतला_फिरस्ता (धागाकर्ता)

@माहेरची_वाट, मामांनी भाकरी नाही, ग्लास बांधले होते. पण मुद्दा मान्य.

काल बाजारातून पंचा आणला, नव्वद रुपये. साठ बाय तीस इंच. आणि हा पण पाणी पीत नाही! टेबलावर सांडलेला चहा पुसला तर चहा नुसता इकडून तिकडे. पॉलिएस्टर गळ्यात मारलं का दुकानदाराने?

खडूस_काका

खळ आहे ती, पेठकर. नव्या पंच्याला कांजी असते, म्हणून दुकानात तो कडक आणि भरीव दिसतो. रात्रभर साध्या पाण्यात भिजत ठेवा, सकाळी ते पाणी पांढुरकं दिसेल. मग गरम पाण्यात दोनदा धुवा, लाल काठ असेल तर वेगळा, नाहीतर सगळे बनियन गुलाबी होतील. कपड्यांना मऊपणा आणणारं ते सुगंधी द्रव्य अजिबात घालू नका, त्याने कापड पाणी शोषायचं थांबतं. पाच-सहा धुण्यांनंतर पंचा खरा पंचा होतो. धागा मुळात सुताचाच आहे ना बघायचं तर काठाचा एक दोरा काढून जाळा. सुताची राख होते, चुरगळली की भुकटी. प्लास्टिक वितळून गोळी होते.

वाडीतला_वांगड

पातेल्यावरून आठवलं. ओल्या फडक्याने तापलेलं भांडं कधी उचलू नका. मी एकदा स्टोव्हवरचा भात असाच धरला. दोन सेकंद काही वाटत नाही, मग फडक्यातल्या पाण्याची वाफ होते आणि ती थेट बोटांत. भात जमिनीवर, मी नाचतोय, मित्र म्हणतो वरचा वरचा उचला, चालतोय. कोरडं, चार पदरी.

घोंगडीवाला

माझा अनुभव मधमाश्यांचा. गडाचं नाव सांगत नाही, कारण माश्या तिथे दरवर्षी असतात, चूक आमची होती. कड्याला आग्या मोहोळ, आणि आमच्यातल्या एकाने खाली शेकोटीचा धूर केला. पहिली माशी आली तेव्हा मी पंचा फिरवून हाकलायला लागलो. ती सगळ्यात मोठी चूक. झटापट केली की त्या जास्त चवताळतात, एक डसली की तिच्या वासावर बाकीच्या येतात. बरोबरच्या गावकऱ्याने माझ्या हातातून पंचा ओढला, माझ्याच डोक्यावर टाकला, मान-तोंड झाकून खाली चल म्हणाला. एकवीस काटे निघाले, बहुतेक सगळे हातावर, ज्या हाताने पंचा फिरवत होतो त्या. तोंडावर दोनच.

थंडीबद्दलही एक. हिमालयात जाताय तर गळ्यात सुती पंचा नको. घामाने भिजला की संध्याकाळी बर्फासारखा गार पडतो आणि वाळत नाही. तिथे लोकरीचं काहीतरी घ्या, पंचा भांड्यांपुरता. धागाकर्त्याचं ते पॉलिएस्टरही तिथे कामाला येईल, टाकू नका.

टेकडीवरची

@घोंगडीवाला, एकवीस वाचून अंगावर काटा आला. शब्दशः नाही, सुदैवाने.

पेठेतला_फिरस्ता (धागाकर्ता)

सगळ्यांचे आभार. काकांच्या कृतीने खळ काढली, बादलीतलं पाणी खरंच पेजेसारखं झालं होतं. तीन वेळा धुतला. आता पाणी टिपतो. डॉक्टरांच्या मापाचं मलमल पण आणलंय, मीटरभर, कडा शिवायला टाकल्यात, ते सॅकमध्येच कायमचं राहील. माहेरची_वाट यांच्यासारखी कोपऱ्याला गाठ मारून.

रविवारी पंचा घेऊन तोरण्याला जायचं ठरलं होतं. आत्ता सॅक भरायला घेतली तर पंचा दोरीवर नाही. आईला विचारलं. उद्या पाडवा. पंचा स्वयंपाकघरात खिडकीच्या गजाला टांगलाय, त्यात दोन किलो दही, खाली पातेलं, टप टप चाललंय. म्हणाली, 'इतका मऊ सुती पंचा आणि नुसता घाम पुसायला?' श्रीखंड झाल्यावर परत मिळेल म्हणाली, पण तिचा चेहरा बघता मला शंका आहे.

काका, नव्वदवाला अजून एक आणतो. खळ काढायला परवापर्यंत वेळ पुरेल ना?

खडूस_काका

पुरेल. आजच भिजत घाला. आणि दोन आणा.